दोन फेऱ्यांची गाठ

गाठ आधी बोटांना कळली. डोळे तोवर पक्ष्याकडेच होते. जांभळी पाणकोंबडी होती. बेशरमीच्या झुडपांत, पाण्याच्या कडेला आडवी पडलेली. एक लाल पाय मागे ताणलेला आणि त्याची लांब बोटं मिटून गेलेली. मरून फार वेळ झाला नसावा, कारण पंखांवरचा निळा रंग उन्हात अजून हलत होता. मागून मंजिरीने विचारलं, "जिवंत आहे का गं?" मी नाही म्हटलं आणि पायातला दोरा सोडवायला वाकले. मी हातमोजे घालत नाही, त्यावरून श्रीपाद सर दर रविवारी बोलतात. घातले असते तर कदाचित काही कळलंही नसतं. नायलॉनचा फास, तो एका लांब दोरीला बांधलेला, दोरी चिखलात गेलेली, एवढंच दिसलं असतं. 'मासेमारीचा दोरा' असं मंजिरीला सांगून मी पुढच्या कचऱ्याकडे वळले असते. पण माझं बोट दोरीतल्या एका जोडावरून फिरलं आणि तिथेच राहिलं. लहान, चपटी गाठ. एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला दोन फेऱ्यांचा उंचवटा. टोकं कापलेली नव्हती, दातांनी तोडलेली होती. नायलॉन दातांनी तोडलं की त्याचं टोक पांढरं आणि पसरट होतं. हे मला माहीत होतं, आणि मला हे का माहीत आहे हेही त्याच क्षणी आठवलं. मी गुडघ्यांवर बसले होते ती तशीच बसून राहिले.

माझे वडील, आमचे दादा, गिरणीत विणकर होते. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, धागा तुटला की तो सांधायची विणकरांची एक गाठ असते. ती डोळ्यांनी बघत बसायला वेळ नसतो, बोटंच बांधतात. लहानपणी परदेशीपुऱ्याच्या चाळीत दादा मला ती शिकवायचे, माझ्या परकराच्या नाडीवर. "डोळे मिट. आता बांध." मला जमली की ते दातांनी टोक तोडून दाखवायचे. समोरच्या एका दाताला त्यामुळे खाच पडली होती आणि हसताना ती दिसायची. पुढे गिरणी बंद झाली, आम्ही राजेंद्र नगरात राहायला आलो, आणि बाल्कनीत कपडे वाळवायची दोरी बांधताना त्यांनी मला सांगितलं होतं, सुताला एक फेरा पुरतो, नायलॉन निसटतं, म्हणून त्याला दोन. ही दोन फेऱ्यांची गाठ त्यांची स्वतःची. दुसऱ्या कोणा विणकराला नायलॉन सांधायची गरज का पडावी? दिवाळीनंतर आठवड्याभरात दादा गेले. ही मार्गशीर्षातली सकाळ. बाल्कनीतल्या त्या दोरीवर मी रोज कपडे वाळत घालते, आदल्या दिवशीही घातले होते.

"जयाताई, काय आहे?" श्रीपाद सर काठावरून खाली येत म्हणाले. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, आणि धार रोडच्या ह्या तलावावरची आमची मोजणी त्यांनीच सुरू केली. हिवाळ्यात दर रविवारी आम्ही काही जण देवळाच्या पायऱ्यांपासून फुटक्या मोरीपर्यंत पश्चिमेची पाळ चालतो. कोणी पक्षी बघतो, कोणी कचरा. मला कचराही आवडतो. पाळीवर काय पडलंय त्यावरून शहराचं काय चाललंय ते कळतं. पूर्वी इथे पत्रावळी, खापरं, फार तर बाटलीची काच असायची. आता शांपूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, विकत मिळणाऱ्या पाण्याच्या बाटल्या. सर म्हणतात, "देश खुला झाला, बघा, आणि सगळं इथे येऊन पडलं." सगळे हसतात. मीही हसते. ज्या वर्षी ह्या पुड्या पानाच्या टपऱ्यांवर माळेसारख्या लटकायला लागल्या त्याच वर्षी गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला, हे मी कधी त्यांना सांगितलं नाही. वडील विणकर होते हे मात्र सांगितलं होतं. मंजिरीने डोळे मोठे करून विचारलं होतं, "अय्या, हातमागावर?" आणि मी काहीतरी पुटपुटून दुर्बीण डोळ्यांना लावली होती.

सरांनी फास बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. ते खरोखर चिडतात. पक्ष्यासाठी चिडणारा माणूस मी त्यांच्याआधी बघितला नव्हता. "हा मासेमारीचा दोरा नाही," ते म्हणाले, "हे पक्षी धरायचं काम आहे." मग त्यांनी पाण्याकडे बघितलं. तिथे ट्रकच्या ट्यूबवर बसून गोपीनाथ शिंगाडे काढत होता. तलावातल्या शिंगाड्यांचा ठेका त्याचा. आम्ही पाळीवर असलो की तो अधूनमधून मोठ्याने गातो, म्हणजे पक्षी उडतात आणि सरांची मोजणी चुकते. ते मुद्दाम असतं की नाही ह्यावर आमच्यात दोन मतं आहेत.

"ए भिया, जरा इधर आना!"

"आ रिया हूँ साब, डूब थोड़ी रिया हूँ."

तो हाताने पाणी मारत काठाला आला. सरांनी पाणकोंबडी उचलून दाखवली. "ये तुम्हारा काम है?"

"कौन-सा काम साब? मरने का या मारने का?"

मंजिरीला हसू आलं, आणि मग तिने तोंडावर हात धरला. गोपीनाथने माझ्या हातातून फास घेतला, उन्हाकडे धरला, अंगठ्याने चाचपला. मग माझ्याकडे बघितलं. कोणी ओळखीचं आहे का हे आठवताना माणूस बघतो तसं नव्हतं ते. त्याने फास माझ्या हातात परत ठेवला. "हमको तो सिंघाड़े से फुरसत नी है," तो म्हणाला. "होगा किसी का." आणि ट्यूबवर पोट टाकून निघून गेला. जाताना गायला नाही.

"बघितलंत?" सर म्हणाले. "नजर देत नाही. हे ह्या लोकांचंच काम. आपल्यातलं कोणी असं करणार आहे का?" पुढच्या रविवारी नगर निगमचा, म्हणजे पालिकेचा, माणूस पाळ बघायला यायचा होता. त्याच्याकडे लिहून द्यायचं, शिंगाड्याचा ठेका ह्याला पुन्हा देऊ नये, असं तिथे उभ्या उभ्या ठरलं. सरांनी फास दोरीसकट एका पिशवीत घातला आणि पिशवी माझ्याकडे दिली. "पुरावा आहे, जयाताई. सांभाळा." माझं तोंड उघडं होतं. वाऱ्याने दात गार झाल्याचं मला आठवतं. तेवढ्यात मंजिरीने चकल्यांचा डबा पुढे केला, मी एक चकली घेतली आणि खाल्ली.

टेंपोत बसल्यावर पिशवी मांडीवर होती. समोरच्या बाईने तिच्याकडे बघितलं तरी मला वाटे की हिला कळलं. तलावावर पहिल्या हिवाळ्यात गेले तेव्हाची एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, कारण तिचा अर्थ मला लागत नव्हता. सरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली होती आणि म्हणाले होते, ती बघा, पानांवरून चालतेय ती. जांभळी पाणकोंबडी एकेक पाय उचलत, शेपूट झटकत चालली होती. तिचं ते चालणं, लाल कपाळ, सगळं इतकं स्पष्ट आणि जवळ होतं, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं. लसूण, खोबरं, आणि मागे किंचित चिखलाचा वास असलेली एक चव जिभेवर आली आणि गेली. मी घाबरून दुर्बीण परत दिली. पुष्कळ वाचलेल्या माणसाला आपल्या शरीराबद्दल एखादा सिद्धान्त चटकन सुचतो. मलाही सुचला होता, भूक आणि सौंदर्य ह्यांच्याबद्दल काहीतरी, आणि त्यावर मी समाधान मानलं होतं. टेंपो राजवाड्याच्या गर्दीत अडकून उभा असताना तो सिद्धान्त गळून पडला आणि खाली चाळीतलं स्वयंपाकघर निघालं. गिरणी बंद झाली त्यानंतरचा पहिला हिवाळा. दादा पहाटे सायकलवर कुठेतरी जायचे. रविवारी ताटात मांस असायचं, काळसर, चिवट, आणि आई त्यात लसूण जरा जास्तच घालायची. धाकटा रत्नपाल तंगडी धरून म्हणाला होता, "ह्या कोंबडीचा पाय एवढा लांब कसा?" दादा म्हणाले, "गावठी आहे." आणि मग ते स्वतः भाकरी नुसत्या रश्श्यात बुडवून खायचे. मला ते मांस फार आवडायचं. मी आठवडाभर रविवारची वाट बघायचे. हे लिहिताना कान गरम होतात, पण आवडायचं.

त्याच हिवाळ्यातली दुसरी गोष्ट आवाजाची. माझे आजोबा महूच्या छावणीत सुभेदार होते. दादांना त्यांचा आवाज आला होता, कवायतीचा. विहारात वंदना दादाच सांगायचे. ते पुढे म्हणायचे, मागून सगळे. त्या हिवाळ्यात ते मागे, चपलांजवळ जाऊन बसायला लागले. घरी संध्याकाळी तसबिरीसमोर मेणबत्ती लावली की आम्ही चौघं पंचशील म्हणायचो, आणि पहिल्या ओळीला, जिथे प्राण न घेण्याचं व्रत येतं तिथे, दादांना खोकला यायचा. दुसऱ्या ओळीपासून आवाज पुन्हा नीट. कापसाच्या धुळीने गिरणीतल्या सगळ्यांच्याच छात्या गेलेल्या, तेव्हा खोकल्याचं कोणाला नवल वाटणार? मला वाटायचं, काम गेलं म्हणून ते मागे बसतात, चारचौघांत पुढे बसायची लाज वाटत असेल. लाज मी बरोबर ओळखली होती. फक्त ती कशाची ते ओळखलं नव्हतं.

घरी आई ओट्याशी बसून गराडू सोलत होती, हिवाळ्यात तळून खातात तो कंद. त्याने हात खाजतात म्हणून तिने बोटांना तेल लावलं होतं. मी पिशवी उघडून फास तिच्यासमोर ठेवला. तिने एकदाच बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"कुठे मिळालं?"

"तलावावर. पाणकोंबडीच्या पायात."

"मेली होती?"

"हो."

"म्हणजे राहिलंच एखादं," आई म्हणाली.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"घ्या. पिसं कोण उपटायचं मग? शेजारीण?"

"आम्हाला कोंबडी सांगितलंस."

"मग काय सांगायचं होतं? तुझा भाऊ तेव्हा कसा होता माहीत आहे ना, सारी स्कूल में ढिंढोरा पिटला असता. कोंबडी म्हणून खाल्लीत, कोंबडी म्हणून पचली. बघ, कसा ताड झालाय." तिने पुन्हा सुरी घेतली. मान खाली ठेवूनच म्हणाली, "तुझी नोकरी लागली त्या महिन्यात बंद केलं त्यांनी. माझ्यासमोर सांगितलं, आता नाही. पण लावून ठेवलेले सगळे आठवेनात. पाणी वरखाली होतं, खुणा जातात. सूत असतं तर केव्हाच सडलं असतं, म्हणायचे, नायलॉन सडत नाही, ते माझ्यामागून धरत राहणार. म्हणून जायचे."

"कुठे?"

"सकाळी सायकल घेऊन कुठे जायचे? फिरायला? अगं, काढायला जायचे. तू ती दुर्बीण घेऊन जायला लागलीस तेव्हापासून तर जास्तच. तुझ्या हाती लागेल म्हणून धास्ती."

तेव्हा मला आठवलं, मी पहिल्यांदा घरी सांगितलं होतं की तलावावर पक्षी मोजायला जाणार, तेव्हा दादांचा कप हातातच राहिला होता. त्यांनी विचारलं होतं, "कुठल्या पाळीला?" मी म्हटलं पश्चिमेच्या. "तिकडे चिखल फार आहे," ते म्हणाले होते. "जपून." मला ती बापाची काळजी वाटली होती आणि जरा कौतुकही वाटलं होतं. ते गेल्या पावसाळ्यातही जात होते. भिजून यायचे, पायजमा गुडघ्यापर्यंत काळा. दिवाळीआधी ताप आला तो छातीतच उतरला. मी आईला म्हटलं, "म्हणजे तो ताप..."

"ते नको काढू," आई म्हणाली, आणि गराडूचे तुकडे तेलात सोडले. मोठा आवाज झाला आणि पुढे बोलता आलं नाही.

मी बाल्कनीत जाऊन कपड्यांच्या दोरीवरची गाठ चाचपली. खरं तर गरज नव्हती.

सरांना फोन करणं अगदी सोपं होतं. नाक्यावरच्या एस.टी.डी.वाल्याकडे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. विम्याच्या ऑफिसात माझ्या टेबलावरही फोन आहे. आठवडाभर मी ते वाक्य जुळवत राहिले. 'सर, तो फास जुना आहे' हे खरं होतं आणि पुरेसंही होतं; जुना म्हणजे कोणाचा हे कोणी विचारलंच नसतं. पण सर म्हणाले असते, जुना असला तरी त्याचाच. मग 'सर, मला माहीत आहे कोणाचा आहे' इथपर्यंत मी यायचे, आणि तिथे मंजिरीचा चेहरा दिसायचा. मंजिरी चांगली आहे. दादा गेले तेव्हा ती घरी आली होती, आईजवळ खाली बसली होती, चहा घेतला होता. तो चहा तिने घेतला हे मी लक्षात ठेवलं होतं आणि लक्षात ठेवल्याची मला चीड येत होती. मी जर म्हटलं की आमच्या घरी तलावातले पक्षी मारून खायचे, तर ती काहीही वाईट बोलणार नाही. 'ह्यांच्यात चालतं,' असं मनाशी समजून घेईल. ते समजून घेणं मला सोसवत नव्हतं. दादा मेलेले होते, त्यांना आता कोण काय करणार? गोपीनाथ जिवंत होता आणि पुढच्या पावसाळ्यात त्याला शिंगाड्याची रोपं लावायची होती. मी रोज संध्याकाळी ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवायचे, आणि रोज जड बाजू कुठली ते स्पष्ट दिसायचं, आणि मी फोन करायचे नाही. दादांची लाज झाकतेय असं स्वतःला सांगायचे. झाकत स्वतःची होते.

शनिवारी संध्याकाळी आईने मेणबत्ती लावली. रत्नपाल बाहेरगावी असतो, आता आम्ही दोघीच. दादांचा फोटो अजून तसबिरीच्या शेजारी स्टुलावरच आहे, भिंतीवर गेलेला नाही. आई म्हणत होती, मी मागून. पहिली ओळ झाली. मी ती मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने म्हटली. दुसरी, तिसरी झाली. चौथी ओळ खोटं न बोलण्याची. आईने म्हटली, आणि माझा आवाज निघेना. मी खाकरले, पुन्हा खाकरले. आई थांबली. मेणबत्तीकडे बघतच म्हणाली,

"तुलाही खोकला लागला का?"

रविवारी निगमचा माणूस आमच्याआधी येऊन मोटरसायकलवर बसून राहिला होता. त्याला लवकर जायचं होतं. सरांनी कागद मंजिरीच्या पाठीला टेकवून लिहायला सुरुवात केली आणि माझ्याकडे हात पुढे केला. "पिशवी?" गोपीनाथ काठावर बसून ट्यूबमध्ये हवा भरत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. मी पिशवी दिली नाही. मी म्हटलं, "सर, हे माझ्या वडिलांचं आहे."

"म्हणजे? त्यांना सापडलेलं?"

"लावलेलं. गिरणी बंद झाली तेव्हा. आम्ही खायचो."

वाक्य अगदी साध्या आवाजात निघालं, ऑफिसात एखादी पॉलिसी समजावून सांगते त्या आवाजात. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली आणि सवयीने सगळ्यांनी वर बघितलं. मंजिरीची पाठ अजून कागदाला टेकलेली होती, ती मान वळवून म्हणाली, "तुम्ही... ह्या?" आणि तिचा हात पाण्याकडे झाला. तिथे पाणकोंबड्या चालत होत्या. मी हो म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर किळस येईल म्हणून मी तयार होते. ती आली नाही. ती म्हणाली, "अगं, किती वाईट दिवस काढलेत तुम्ही," आणि तिचे डोळे भरले. मला वाटलं, किळस बरी होती.

सरांनी पेन उचललं. ते फार सभ्य गृहस्थ आहेत. "अज्ञात लिहितो," ते हळू आवाजात म्हणाले. "आता ते नाहीत. उगाच नाव कशाला."

"गोपीनाथचं लिहिणार होतात ना?"

"ते वेगळं, जयाताई."

"मग वडिलांचंही लिहा. धोंडिबा. विणकर. परदेशीपुरा."

"तुम्ही दुःखात आहात," सर म्हणाले आणि टोपण लावलं. निगमचा माणूस कंटाळून म्हणाला, "तो साब, सिंघाड़ेवाले का क्या करना है?" सर म्हणाले, "कुछ नहीं, कुछ नहीं. वो अपना देख लेंगे." मोटरसायकल गेली. गोपीनाथचं नाव लिहायला जितका वेळ लागला असता त्याहून कमी वेळात दादांचं नाव नाहीसं झालं होतं, आणि ते माझ्यावरच्या लोभाने झालं होतं. मी आता त्यांच्यातली होते. आपल्यातलं कोणी असं करत नाही, हे सरांनी 'अज्ञात' ह्या एका शब्दाने खरं करून टाकलं.

ते सगळे पुढच्या मोरीकडे निघाले. मंजिरी माझा हात दाबून गेली. मी पाण्याच्या कडेला उभी राहिले. गोपीनाथ ट्यूबच्या तोंडाला तोंड लावून फुंकत होता. फुंकायचं थांबून म्हणाला, "बाबूजी की लड़की हो. मैं तो पिछली बार ही पहचान गया था. नाक वोई है."

"तो बोले क्यों नहीं?"

"तुम बोलीं क्या?"

त्याने पुन्हा दोनदा फुंकलं. "चाय पिलाते थे मेरेको," तो म्हणाला. "पानी में घंटों टटोलते रहते. मैं बोलता, बाबूजी, मछली पकड़ रिए हो कि पाप? हँसते थे. दाँत टूटा था ना एक?"

"टूटा नहीं था. घिसा था," मी म्हटलं.

"वोई. एक लाइन बाकी है, बोलते थे. उधर, बबूल के सामने. इस बरसात में भी खूब ढूँढी, मिली नी. पानी बहुत था." त्याने हाताने दाखवलं. बाभूळ फार दूर नव्हती. "अब पानी उतरा है."

मी दुर्बीण काढून त्याच्या ट्यूबवर ठेवली. साडीचा काचा मारणं मला येत नाही, त्या दिवशी सलवार-कमीज होतं ते बरं झालं. "चप्पल उतारो बेन," गोपीनाथ म्हणाला, "नी तो तलाव रख लेगा." पाणी पोटऱ्यांना लागलं तेव्हा श्वास अडकला, इतकं गार. मग गुडघे, मग मांड्या. खाली तळ असा नव्हताच. पाय नुसता आत जात राहायचा, कुठेतरी थांबायचा आणि पुन्हा उचलला की मोठा आवाज करून सुटायचा. दादांचं वय काय होतं गेल्या पावसाळ्यात, आणि छाती कशी होती. मी कमरेत वाकले आणि हात पाण्याखाली घातले. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता. शिंगाड्याच्या वेली, काटे, एक पुडी, आणखी एक पुडी, काहीतरी मऊ, जे मी हात लागताच सोडून दिलं. गोपीनाथ काठावरून सांगत होता, थोडं डावीकडे, थोडं पुढे, आणि मधेच सांगायचं सोडून गप्प झाला. मी मान वर केली. मोरीकडे गेलेले सगळे परत फिरले होते आणि पाळीवर ओळीने उभे होते. सरांच्या गळ्यात दुर्बीण होती. त्यांनी ती डोळ्यांना लावली नव्हती. पण एकदा हात तिच्याकडे गेला आणि खाली आला, ते मी बघितलं. माझे केस तोंडावर आले होते, ओढणी पाण्यावर तरंगत होती. कुठे बघावं ते कळेना. मी पुन्हा खाली वाकले.

मग बोटांना खुंटी लागली. बाभळीची, वरून कुजलेली. तिच्याखाली दोरी, ताठ, नुकतीच लावल्यासारखी. मी ती धरून पुढे सरकले तसे एकेक फास हाताला लागत गेले, उघडे, गोल, वाट बघणारे. एकात बारीक हाड होतं. आणि मधे तो जोड आला. मी डोळे मिटले. गुळगुळीत अंग, आणि उलट्या अंगाला दोन फेरे. मी नखांनी सोडवायला बघितलं. ती सुटत नाही. न सुटण्यासाठीच ती बांधतात. सुटली तर कापडाला भोक पडतं. सुरी कोणी आणली नव्हती. मी दोरी पाण्याबाहेर ओढली, चेहऱ्याजवळ आणली. चिखलाचा वास आला, आणि त्याबरोबर लसूण, खोबरं, रविवार. मला तेव्हा ती ओळ म्हणावीशी वाटली, पहिली, दादांनी खोकून गिळलेली ओळ, त्यांच्या वतीने एकदा, इथे, ह्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. पण दोरी दातांत होती. नायलॉन लवकर तुटत नाही. पाळीवर सगळे उभे होते, आणि मी तोंड उघडू शकत नव्हते, आणि चावत राहिले.